त्यागाची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, पुढचे सगळे चुलीपुढे. पण मागच्या उत्तम शुक्रवारी शेजारच्या काकूंनी मला विचारले, "अगं, ज्या दिवशी तुमच्या देवाला खिळे ठोकून मारलं, त्या दिवसाला तुम्ही उत्तम कसं म्हणता?" उत्तर द्यायला गेले आणि अडखळले. ही गोष्ट चिटणीसबाईंच्या कानावर गेली आणि आज तेच उत्तर सर्वांपुढे द्या, अशी त्यांनी गळ घातली. कोणाला आपल्या धर्मात ओढावे असा माझा हेतू नाही. शेजारणीने विचारले, शेजारणीने सांगितले, एवढेच समजा.

यज्ञ, बळी, नवस हे शब्द आपल्याला नवे नाहीत. जुन्या काळी यहुदी लोकांतही बळी होतेच. मिसर देशाच्या गुलामगिरीतून सुटण्याच्या रात्री त्यांनी कोकरू मारून त्याचे रक्त दाराच्या चौकटीला लावले आणि त्या घरांतले थोरले मुलगे वाचले, असे पवित्र शास्त्र सांगते. त्याची आठवण म्हणून ते वल्हांडण सण पाळतात. पुढे यरुशलेमच्या मंदिरात वर्षातून एक दिवस प्रायश्चित्ताचा असे. त्या दिवशी महायाजक सगळ्या लोकांच्या पापांसाठी बळीचे रक्त घेऊन आत जाई. पण पुढच्या वर्षी पुन्हा तेच. सकाळी भांडी घासावीत आणि रात्री पुन्हा खरकटी पडावीत, तसे ते होते.

येशूला वधस्तंभावर दिले ते वल्हांडणाच्याच दिवसांत. आमची श्रद्धा अशी की, हा बळी माणसाने देवाला दिला नाही, देवानेच माणसासाठी दिला. आणि तो एकदाच, सर्वांसाठी. म्हणून आमच्या मंदिरात रक्ताचा बळी नसतो. त्या मरणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस आम्ही वाटून घेतो. तारण म्हणजे पापातून सुटका आणि देवाशी तुटलेले नाते पुन्हा जुळणे. ते पुण्य साठवून विकत घेता येत नाही, हात पुढे करून घ्यावे लागते.

दुसऱ्याच्या जागी मरणे म्हणजे काय, हे मला एका खऱ्या हकिकतीने उमगले. १९४१ साली पोलंडमधल्या आउशवित्झच्या नाझी छळछावणीतून एक कैदी नाहीसा झाला. त्याबद्दल दहा जणांना उपाशी ठेवून मारण्याची शिक्षा झाली. त्यांतला एक जण बायकामुलांच्या नावाने रडू लागला. तेव्हा माक्सिमिलियन कोल्बे नावाचे कॅथलिक धर्मगुरू पुढे झाले आणि त्याच्या जागी आपल्याला घ्या म्हणाले. १४ ऑगस्टला त्यांचा अंत झाला. वाचलेला तो माणूस १९९५ पर्यंत जगला. आता सांगा, त्याने ही परतफेड कशी करायची? असले ऋण फिटत नाही. त्याची जाणीव ठेवून जगता मात्र येते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पण तारण हे फुकटचे दान आहे, हे आपल्याला पुढे काही वर्षांनी खरे कळले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. एवढ्या विदुषीला वेळ लागला, मग माझी काय कथा!

माझ्या सासूबाई तीन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे उठवणे-बसवणे, न्हाऊ घालणे, औषधपाणी सगळे मी केले. धाकटी जाऊ मुंबईला. तीन वर्षांत ती दोनदा आली. मी मनात वही ठेवली होती. एका पानावर माझी जागरणे, दुसऱ्या पानावर तिच्या दोन फेऱ्या. सासूबाईंच्या मातीला जमलेल्या माणसांदेखत मी ती वही तिला वाचून दाखवली. ती रडत परत गेली. दोन वर्षे आम्ही बोललो नाही. लोक म्हणत, "केवढा त्याग केलात!" आणि मला ते गोड लागे.

मग एका रविवारी पाळकसाहेबांनी उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली. धाकटा मुलगा पैसा उडवून घरी येतो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. थोरला भाऊ फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. तो शेतावरून येतो, घरातले गाणेबजावणे ऐकतो आणि रागाने दाराबाहेरच थांबतो. मी इतकी वर्षे राबलो, मला काय दिलेत, म्हणतो. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे मात्र येशूने सांगितलेले नाही. मला वाटले, दाराबाहेर उभी आहे ती मीच, हातात वही घेऊन. थोड्या वेळाने प्रभुभोजनाची भाकर माझ्यापुढे आली. ती माझ्या कमाईची नव्हती. जावेलाही तिच्या मंदिरात तीच मिळत होती.

संध्याकाळी मी तिला फोन लावला. म्हटले, "माझं चुकलं." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ताई, मला यायचं होतं हो. पण तेव्हा ह्यांचं काम सुटलं होतं, आणि मी रजा घेतली की पगार कापायचे. तुम्हाला सांगायची लाज वाटली." माझ्या वहीत हे पान नव्हतेच!

भगिनींनो, आपण बायका घरासाठी पुष्कळ सोसतो. कोणी धाकाने करून घेतले, तर त्याला त्याग म्हणू नका. आणि मी केले तसा हिशेब मांडून केला, तर घर सांभाळले जाते पण माणसे तुटतात. येशूने आपला जीव आपणहून दिला, आणि मारणाऱ्यांसाठीही क्षमा मागितली.

काकू, तुमचे उत्तर उशिराने देते आहे. त्या शुक्रवारी देवाने आमच्या नावाची उधारीची वही फाडली, म्हणून तो दिवस उत्तम. माझी फाडायला मला दोन वर्षे लागली. यंदाच्या नाताळात करंज्या करायला जाऊ माझ्याकडे येणार आहे. तुम्हीही या.