आयनार गेरहार्डसेन : रस्ताकामगार ते पंतप्रधान



ओस्लो शहराला क्रिस्तियानिया म्हणत होते तेव्हाची गोष्ट. सतरा वर्षांचा एक पोरगा तिथल्या रस्तेखात्यात मजूर म्हणून लागला. हातात फावडं, पायाखाली खडी. वडीलही रस्त्याच्याच कामावर. पुढं हाच पोरगा तीन वेळा नॉर्वेचा पंतप्रधान झाला आणि सगळी मिळून जवळजवळ 17 वर्षं त्या पदावर राहिला. नाव आयनार गेरहार्डसेन. जन्म 1897, मृत्यू 1987.

गरीब पोरगा मोठा झाला, एवढंच सांगायचं असतं तर मी उभाच राहिलो नसतो. तो कुठं शिकला, ते सांगायला आलोय. गेरहार्डसेन यांचं कॉलेज म्हणजे युनियन. 1919 साली, वय 22, ते रस्ताकामगारांच्या युनियनचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी नॉर्वेत आठ तासांच्या दिवसाचा कायदा झाला. रशियात क्रांती झालेली, सगळीकडची तरुण पोरं पेटलेली. गेरहार्डसेन यांचा मजूर पक्षही तेव्हा मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत गेला आणि 1923 मध्ये बाहेर पडला. लष्करी संपाच्या हाकेपायी 1924 मध्ये ते तुरुंगातही गेले.

पण मला त्यांच्या भाषणांपेक्षा त्यांचं एक पुस्तक महत्त्वाचं वाटतं. 1931 साली त्यांनी कार्यकर्त्यांसाठी एक छोटी हस्तपुस्तिका लिहिली. नाव ‘तिलित्समानेन’. शब्दशः अर्थ, ज्याच्यावर विश्वास टाकलाय तो माणूस. नॉर्वेत कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधीला तेव्हा हाच शब्द होता. संघटनेचं काम कसं करायचं, बैठक कशी चालवायची, असल्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टींचं ते पुस्तक. घोषणा देणारे पुष्कळ भेटतात. बैठकीत काय ठरलं हे नीट लिहून ठेवणारा एखादाच असतो आणि संघटना त्याच्या जिवावर टिकते.

1940 मध्ये ते ओस्लोचे महापौर झाले. जर्मनांनी देश घेतला आणि त्यांना पदावरून काढलं. 1941 मध्ये अटक, आधी ग्रिनीची छावणी, मग जर्मनीतली साक्सेनहाउझेन. 1944 मध्ये परत नॉर्वेत आणून पुन्हा कैदेत ठेवलं. छावणीत वेगवेगळ्या पक्षांची माणसं एकाच बराकीत होती. बाहेर एकमेकांचं तोंड न बघणारे तिथं देशाच्या भविष्यावर बोलायला लागले. 1945 मध्ये सगळ्या पक्षांनी मिळून देश उभारणीचा एक सामायिक कार्यक्रम काढला, त्याचं मूळ या सोबतीत आहे. मे महिन्यात सुटका झाली आणि जूनमध्ये ते पंतप्रधान झाले.

मग कामाचा सपाटा बघा. 1946 मध्ये घरांसाठी सरकारी बँक आणि मुलांसाठी भत्ता. 1947 मध्ये विद्यार्थ्यांसाठी कर्जनिधी आणि कामगारांना तीन आठवड्यांची पगारी सुट्टी. मजुराच्या पोराला शिकायचं असेल तर बापाच्या खिशाकडं बघायला लागू नये, हा त्यामागचा विचार.

आता अवघड भाग. तो गाळला तर आपण फक्त आरती ओवाळली असं होईल.

उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्ड बेटांवर किंग्ज बे नावाची सरकारी कोळसा खाण होती. 5 नोव्हेंबर 1962 रोजी तिथं स्फोट झाला, 21 कामगार मेले. याआधीही त्या खाणीत जीवघेणे स्फोट झाले होते. चौकशी अहवालानं सुरक्षेतल्या त्रुटी दाखवल्या, उद्योगमंत्र्यांना जावं लागलं. ऑगस्ट 1963 मध्ये संसदेत चर्चा झाली. 150 जागांच्या सभागृहात मजूर पक्षाचे 74 आणि उजव्या-मध्यममार्गी विरोधकांचेही 74. उरलेले दोघे होते डाव्या समाजवादी लोकपक्षाचे. हा पक्ष ‘नाटो’ला विरोध करणाऱ्या, मजूर पक्षातून बाहेर पडलेल्या माणसांनी 1961 मध्ये काढलेला. त्या दोघांनी सरकारविरुद्ध मत दिलं. 76 विरुद्ध 74. कामगारांचं सरकार कामगारांच्या मृत्यूवरून पडलं. नवं सरकार चार आठवडे टिकलं, तेच दोघे त्याच्याही विरुद्ध गेले आणि गेरहार्डसेन परत आले. पण तो डाग गेला नाही. 1965 च्या निवडणुकीत पक्षाची सत्ता गेली.

खाण सरकारी होती आणि सरकार आपल्या माणसांचं होतं, म्हणून प्रश्न कमी विचारले गेले असतील का? मला तसं वाटतं. आपला माणूस खुर्चीवर बसला की आपण हिशेब मागायचं सोडतो.

दुसरी एक गोष्ट आपल्याला जास्त भिडेल. नॉर्वेच्या उत्तरेला सामी लोक राहतात, त्यांची भाषा वेगळी. 1898 च्या सरकारी आदेशानुसार शाळेत सामी भाषा फक्त अगदी अडलं तरच वापरायची, शिकवायचं नॉर्वेजियनमधून. युद्धानंतर सगळ्यांना समान शाळा, समान घरं मिळाली, पण त्या समानतेत सामी मुलाची भाषा बसत नव्हती. गेरहार्डसेन पंतप्रधान असतानाच 1959 च्या शाळा कायद्यानं सामीतून शिकवायला वाट मोकळी केली. प्रत्यक्ष पहिले वर्ग मात्र 1967 मध्ये सुरू झाले. संसदेनं या सक्तीबद्दल माफी मागितली ती 2024 मध्ये. कायदा झाला म्हणजे वर्ग भरला असं नसतं, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

पद गेल्यावर गेरहार्डसेन 1969 पर्यंत साधे खासदार म्हणून संसदेत बसले. देश त्यांना राष्ट्रपिता म्हणायला लागला. मला विचाराल तर ‘तिलित्समान’ हीच पदवी मोठी. विश्वास टाकलेला असतो, म्हणून तर तो मोडल्यावर जाब विचारता येतो.

आता एकच काम सांगतो आणि बसतो. आपल्या पुढच्या बैठकीत एकानं वही घेऊन बसायचं. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, हे लिहायचं. त्याच्या पुढच्या बैठकीत ती वही आधी वाचायची. सुरुवात तिथूनच होते.