आवडतं गाणं, इंग्रजी गप्पा

हापूसच्या हंगामात देवगडात बाहेरगावचं गिऱ्हाईक येतं, इंग्रजीत भाव विचारतं आणि बारावी झालेल्या मुलांचीही जीभ अडखळते. व्याकरण येत असतं, बोलायची सवय नसते. ती आवडत्या गाण्यांवर गप्पा मारून लागते.

सुरुवातीला संथ, स्पष्ट उच्चारांचं गाणं घ्या. ‘कार्पेंटर्स’ या गायक जोडीचं १९७३ चं ‘येस्टरडे वन्स मोअर’ त्यासाठी उत्तम. रेडिओवर ऐकलेल्या गाण्यांच्या आठवणींचंच ते गाणं! मैत्रिणीला ऐकवा. तिने विचारावं, ‘व्हाय डू यू लाइक इट?’ तुम्ही ‘बिकॉज’ म्हणून निदान तीन वाक्यं बोला.

मराठी गाणंही चालेल, माझ्या मते अधिकच चांगलं. शान्ता शेळक्यांच्या ‘मी डोलकर’मधला कोळी आणि दर्या इंग्रजीत सांगताना शब्द शोधावे लागतात, आणि असा शोधलेला शब्द सहसा विसरत नाही.

मात्र गाण्यात चालीसाठी शब्द गाळतात, वाक्य फिरवतात. ती रचना बोलण्यात आणू नका. समोरचा चुकला तर मध्येच टोकू नका, त्याचं बोलून झाल्यावर सांगा. आज संध्याकाळी एक गाणं निवडा आणि त्यावर कुणाशी तरी पाच मिनिटं इंग्रजीत बोलाच.