फळीवर घेतल्याची वेळ

आज आपत्कालीन सेवेची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

रस्त्यावर अपघात झाला की आपल्याकडे चार जण धावतात. एक बखोटीला धरतो, दुसरा पाय उचलतो, तिसरा पाणी पाजायला बघतो आणि जखमीची घडी करून त्याला रिक्षात कोंबतात. हेतू सोन्यासारखा. पण मानेचा मणका मोडलेला असेल, तर स्वतःच्या पायांनी घरी जाऊ शकला असता असा माणूस तेवढ्यात कायमचा खाटेला खिळू शकतो.

मोडलेलं हाड स्थिर ठेवल्यानं काय साधतं, ते पहिल्या महायुद्धात दिसलं. ह्यू ओवेन थॉमस हे वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातले. गुडघ्याच्या आजारासाठी त्यांनी लोखंडी स्प्लिंट बनवली आणि 1891 मध्ये ते वारले. तीच स्प्लिंट पुढे युद्धात मोडक्या मांडीसाठी कामी आली. मांडीचं हाड मोडलं की एक-दीड लिटर रक्त मांडीतच साचतं, आणि स्ट्रेचरच्या प्रत्येक हिसक्याबरोबर मोडकी टोकं स्नायू फाडत राहतात. युद्धाच्या सुरुवातीला अशा जखमींत मृत्यूचं प्रमाण 80 टक्क्यांपर्यंत होतं असं सांगतात. 1917 साली अरासच्या लढाईत, जागेवरच थॉमस स्प्लिंट बांधलेल्या हजारभर जखमींत ते 16 टक्क्यांच्या आत आलं. ती बांधणारे डॉक्टर नव्हते, स्ट्रेचर वाहणारे साधे शिपाई होते. डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांच्याकडून सराव करून घेत. अंधारात, चिखलात काम करायचं होतं ना! तुमचे पूर्वज ते.

पण या यशानं आपल्या व्यवसायाला एक खोडही लागली: दिसला जखमी की बांध. गळ्यात कॉलर, पाठीखाली फळी, वर पट्टे. 1998 मध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली. मलेशियात अपघातस्थळी कुणालाच फळीवर बांधत नसत, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत सगळ्यांना बांधत. कण्याला इजा झालेल्यांत अपंगत्व मलेशियात कमी निघालं! एवढ्यावरून फळ्या भंगारात काढायच्या नसतात, अभ्यास लहान होता. पण प्रश्न खरा होता. 2018 पर्यंत अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांच्या आणि आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनांनी शब्दच बदलला. कणा 'अचल' करणं आपल्याला जमतच नाही, त्याची हालचाल मर्यादित ठेवता येते, एवढंच. भोसकलेल्या किंवा गोळी लागलेल्या माणसाला तर त्याचीही गरज नाही. त्याला पट्टे आवळण्यात घालवलेली मिनिटं त्याच्या रक्तातून वजा होतात.

तेव्हा बांधण्याआधी विचार करा, आणि त्याआधी बोला. आपल्या माणसाला 'मान दुखतेय का?' विचारलं, की तो मान हलवूनच उत्तर देतो. म्हणून आधी सांगा, "काका, मान हलवू नका, तोंडानं बोला." मग विचारा. स्प्लिंटच्या आधी आणि नंतरही पायाची नाडी बघा, बोटं हलवायला सांगा. घट्ट आवळलेल्या कामट्यांमुळे काळी पडलेली बोटं मी पाहिली आहेत.

आता माझी चूक. मी निवासी डॉक्टर असताना रात्री एक तरुण आला. रुग्णवाहिकेतल्या मुलांनी त्याला निगुतीनं फळीवर आणलं होतं. आम्ही एक्स-रेची वाट बघत राहिलो, मग सीटीची, मग मोठ्या सरांची. पाच तास तो त्या कडक फळीवर होता. कमरेखाली संवेदना नव्हती, त्यामुळे त्यानं तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी माकडहाडाच्या वर काळा डाग दिसला. कण्याची इजा अपघाताची होती. ती जखम मात्र आम्ही दिलेली, आणि ती भरायला कित्येक महिने लागले.

फळी उचलण्यापुरती असते. म्हणून एक मागणं आहे. जखमीला फळीवर घेतल्याची वेळ कागदावर ठळक लिहा. आणि तो कागद हाती देताना कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला, तो माझ्याएवढा म्हातारा असला तरी, तोंडावर विचारा, "सर, फळी कधी काढताय?"