अमावास्येला चंद्र जातो कुठे?
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेत कारकून. चंद्राची आमची ओळख कवितेतली. बालकवी १८९० साली याच धरणगावात जन्मले, तेव्हा आम्हांला तो हक्कच आहे म्हणा! पण आज चंद्र का दिसत नाही, याविषयी बोलायचे आहे, कारण या न दिसण्यापायी आमचे थोडे नुकसान झालेले आहे.

बँकेत रुजू होण्याचा आदेश हातात आला आणि ठरवलेला दिवस निघाला अमावास्येचा. आई म्हणाली, "आज अमावस शे, नको जाऊ." आम्ही पदवीधर असूनही ऐकले. दुसऱ्या दिवशी हजर झालो. आमच्यासोबत निवडलेले सोबती आदल्या दिवशीच रुजू झाले होते. ज्येष्ठता यादीत ते वर, आम्ही खाली. आईला काय बोलणार? तिला कोणी सांगितलेच नव्हते. आम्हांला पुस्तकात शिकवले होते, तरी आम्ही गेलो नाही.

आता पुस्तकातले सांगतो. चंद्राला स्वतःचा उजेड नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या 'आर्यभटीय' ग्रंथात हे मांडले आहे. सूर्याकडचा अर्धा चंद्र नेहमीच उजळलेला असतो. त्यातला किती भाग आपल्याकडे वळलेला आहे, एवढाच प्रश्न. अमावास्येला चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधल्या बाजूला येतो. उजळलेली बाजू सूर्याकडे, काळोखी आपल्याकडे. शिवाय त्या दिवशी तो सूर्यासोबत उगवतो नि सूर्यासोबतच मावळतो. म्हणजे दिवसभर तो आपल्या डोक्यावरच असतो, पण सूर्याच्या झगझगाटात दिसत नाही. रात्री तो क्षितिजाखाली, मग दिसणार कसा?

मुलांनी घरी करून पाहावे. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावा, हात लांब करून चेंडू धरा आणि स्वतःभोवती हळूहळू फिरा. चेंडू दिव्याच्या बाजूला आला की अमावास्या, दिव्याकडे पाठ केली की पौर्णिमा. मात्र तेव्हा चेंडू डोक्याच्या थोडा वर धरा, नाहीतर स्वतःच्याच सावलीने ग्रहण लागेल! खऱ्या चंद्राची ही फेरी सुमारे साडेएकोणतीस दिवसांची.

आणि ही काळोखी बाजू कायमची काळोखी नाही. ३ जानेवारी २०१९ रोजी चीनचे चांगई-४ यान चंद्राच्या पाठीवर उतरले. आपल्याकडे अमावास्या तोंडावर आली होती, पाठीवर मात्र दिवस होता.

मग दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही? चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. बहुतेक वेळा त्याची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते. कधी नेमकी जुळते. ११ ऑगस्ट १९९९ ला सायंकाळी खग्रास ग्रहणाची सावली गुजरात-महाराष्ट्रावरून गेली, ती आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. आम्ही कॉलेजात होतो. भर पावसाळा, आभाळ गच्च. दिसले काहीच नाही, नुसते अंधारून आले. घरोघरी मात्र शिजवलेले अन्न फेकले गेले.

आपल्या परंपरेत अमावास्या हा उपोसथाचा दिवस आहे, हेही आमच्या घरात उशिरा कळले. बँकेत आजही कोणी कर्जाचे पैसे 'अवस टळू द्या' म्हणून उचलत नाही. वाद न घालता आम्ही काउंटरवरचा पेपरवेट चंद्र करतो, टेबलावरचा दिवा सूर्य. दोघे-तिघे हसून सही करून गेले. एक आजोबा मात्र म्हणाले, "साहेब, खरं असेल, पण मी उद्याच येतो." आले दुसऱ्या दिवशी!

पुढच्या अमावास्येनंतर बीजेला सूर्य मावळला की पश्चिमेला पाहा. बारीक कोर दिसेल, ती लवकरच मावळते. कोरीच्या आतला उरलेला गोल फिकट राखाडी दिसतो, तो आपल्या पृथ्वीवरून परतलेला उजेड. गच्चीवर लहान भावंडांनाही न्या.