तपासणीची रांग आणि हातावरचे पोट
(खुलताबाद येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोरोना महामारीतील शासनाचे तपासणी धोरण हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. साथ ओसरली की तिची चर्चाही ओसरते. परंतु साथ पुन्हा येणारच नाही, असे कोणी लिहून दिलेले नाही. शिवाय हा विषय एकट्या डॉक्टरांचा नाही. कोणाला तपासायचे आणि कोणाला नाही हे ठरवणे म्हणजे कोणाची नोंद घ्यायची हे ठरवणे होय. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. ज्याची नोंद नाही, त्याचा हिशेब लागत नाही, एवढे आम्हाला खातेवहीने शिकवले आहे.

महाराष्ट्रात पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. ते परदेश प्रवासाहून आले होते. तेव्हा प्रयोगशाळा मोजक्या आणि संच अपुरे, म्हणून परदेशातून आलेल्यांची व त्यांच्या संपर्कातील लोकांची तपासणी आधी, असे धोरण होते. तुटपुंज्या साधनांत ते समजण्यासारखे होते. पण विमानाने आलेला रोग पुढे एस.टी.ने, रिक्षाने आणि बाजारहाटाने पसरतो. नियमात न बसणारा माणूस आजारी असला तरी आकड्यात दिसत नाही. आकडा लहान म्हणजे रोग लहान, असा गैरसमज त्यातून होतो. म्हणून नुसती रुग्णसंख्या न पाहता शंभर तपासण्यांमागे किती बाधित निघाले, हे पाहावे लागते. हे प्रमाण सलग दोन आठवडे पाचाच्या खाली असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये सुचवले होते.

आता पैशाचा हिशेब पाहू. शासकीय रुग्णालयात तपासणी मोफत होती. खासगी प्रयोगशाळेसाठी मार्च २०२० मध्ये केंद्राने कमाल ४,५०० रुपये दर ठरवला. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २३८ रुपये होती. म्हणजे एका तपासणीला जवळजवळ एकोणीस दिवसांची मजुरी! सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिलला खासगी तपासणीही मोफत करण्यास सांगितले. १३ एप्रिलला ती सवलत दुर्बल घटकांपुरती ठेवली. जून २०२० मध्ये राज्य शासनाने दर २,२०० रुपयांवर आणला आणि ३१ मार्च २०२१ रोजी ५०० रुपयांवर. शासनाने मनावर घेतले तर दर खाली येतो, हे यातून सिद्ध झाले. आपल्या पुण्यातच तयार झालेल्या देशी संचाला २३ मार्च २०२० रोजी मान्यता मिळाली होती आणि तो बनविणाऱ्या चमूचे नेतृत्व मीनल दाखवे-भोसले या मराठी महिलेने केले होते, हेही विद्यार्थिनींनी लक्षात ठेवावे.

जून २०२० मध्ये अर्ध्या तासात निकाल देणारी अँटिजेन तपासणी आली. त्या वेळच्या औरंगाबादेत जुलैमध्ये व्यापारी व विक्रेत्यांची मोठ्या प्रमाणावर अशी तपासणी झाली. ती सोयीची होती, पण तिच्यातून काही बाधित निसटत. म्हणून लक्षणे असूनही अहवाल निगेटिव्ह आला तर आरटीपीसीआर करावी, असा नियम होता. हा उत्तरार्ध किती जणांपर्यंत पोहोचला? ‘निगेटिव्ह’ हा शब्द ऐकला की माणूस निर्धास्त कामावर जातो.

याउलट एक उदाहरण द्यावेसे वाटते. एप्रिल २०२० मध्ये महिलांच्या जनधन खात्यात ५०० रुपये जमा झाले, तेव्हा खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून पैसे काढण्याचे दिवस ठरवून दिले होते. शेवटी शून्य किंवा एक असेल तर ३ एप्रिल, दोन किंवा तीन असेल तर ४ एप्रिल. निरक्षर मायबहिणीलाही शेजारच्या पोराकडून पासबुक वाचून घेऊन आपला दिवस कळत होता. नियम असा असावा, जो माणसाला स्वतःच्या हातातल्या कागदावर पडताळता येईल.

तपासणीला लोक घाबरत, त्याला आपण अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. ते योग्य नव्हे. १७ मार्च २०२० पासून वेरूळची लेणी बंद झाली, ती डिसेंबरमध्ये उघडली. आपल्या तालुक्यातील ज्यांचे पोट पर्यटकांवर, त्यांच्या चुली थंडावल्या. अशा घरात अहवाल पॉझिटिव्ह आला की सारे घर अलगीकरणात, रोजी बंद आणि वर शेजाऱ्यांची नजर. घरावर फलक लागत. सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय असे फलक लावू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२० मध्ये सांगावे लागले.

इतिहास हेच सांगतो. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरे धुंडाळली, तेव्हा लोकांनी रोगी लपवले. त्याच साली सावित्रीमाई फुले रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला प्लेगने गेल्या. एकीकडे धाक, दुसरीकडे माया. रोगी कोणापुढे उघड होईल, हे सांगायला नको. मार्च २०२० मध्ये शासनाने जो साथरोग कायदा लागू केला, तोही १८९७ चाच. कायदा जुना चालेल. रीत जुनी चालणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, तपासणी मोफत असली तरी तिच्यामागे बुडणारी मजुरी मोफत नसते. अलगीकरणात जाणाऱ्या मजुराच्या घरी धान्य व बुडालेली रोजी पोहोचेल, अशी तरतूद तपासणीच्या आदेशातच हवी. अहवालाची गुप्तता हवी. आणि नियम बदलला की तो सोप्या मराठीत वस्तीच्या फलकावर लागायला हवा.

शासन हे करील तेव्हा करील. विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे काम तुम्हाला आजही करता येते. शासनाचे परिपत्रक वाचा, समजून घ्या आणि ज्याला वाचता येत नाही त्याला त्याच्या ओट्यावर बसून समजावून सांगा. अलगीकरणातल्या घराला डबा पोहोचवा. ज्या वस्तीत असे दोन-चार तरुण असतील, तेथे रोग लपवावा लागणार नाही.

जय भीम!