कागद मागून घ्या



तुमच्या प्राचार्या बाईंनी फोनवर सांगितलं होतं, "पोरांना करिअरबद्दल चार गोष्टी सांगा." त्या सांगायला म्हणूनच आले. पण मघाशी तुमची प्रात्यक्षिकाची खोली पाहिली आणि मी इथे शिकत होते तेव्हाचं सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. आमच्या वेळी काचेच्या सिरिंज उकळून घ्याव्या लागत. ॲप्रनला खळ करायची, ती सुद्धा ड्युटी संपल्यावर. आणि आमच्या ट्यूटर सिस्टर! खाट लावून झाली की त्या चादरीवरून तळहात फिरवायच्या. एक सुरकुती लागली की सगळी खाट पुन्हा लावायची. "झोपून असलेल्या माणसाला हीच सुरकुती रुतते आणि बेडसोर होतो," म्हणायच्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, टाचा बघायच्या. आजही कुणा आजाऱ्याला भेटायला गेले की माझं लक्ष आधी चादरीकडे जातं. हे या वास्तूने मला दिलं.

आता तुमच्याबद्दल. तुमच्यातले बरेच जण जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स करताहेत. एक नीट समजून घ्या: या कोर्सने नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही. ती एएनएम, जीएनएम, बीएस्सी केल्यावर मिळते. एएनएम 2 वर्षांचं, जीएनएम 3 वर्षांचं. एएनएम झालेल्यांना पुढे जीएनएमला जाता येतं. केंद्र सरकारच्या रुग्णालयात नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगात 44,900 पासून सुरू होतो. म्हणजे शिडी आहे. बारावी झाली असेल तर तिथवर जायचं मनात ठेवा.

पण शिडी चढायला हातात कागद लागतो, आणि माझं सगळं सांगणं एवढंच आहे: कागद मागून घ्या. ब्युरोमार्फत घरी पेशंट सांभाळायला जाणाऱ्या कितीतरी मुली मी पाहिल्या. बारा-बारा तासांची ड्युटी, पैसे ब्युरोकडे, तिथून कापून रोख हातात. नेमणूकपत्र नाही, पगाराची स्लिप नाही. पुढे मोठ्या रुग्णालयात मुलाखतीला गेल्या की अनुभवाचा दाखला मागतात, आणि सगळी वर्षं पाण्यात जातात. म्हणून पगार रोख घेऊ नका, स्वतःच्या नावाच्या खात्यात घ्या. भावाच्या नाही, नवऱ्याच्या नाही, स्वतःच्या! जिथे 10 किंवा जास्त कामगार आहेत आणि तुमचा पगार 21,000 पर्यंत आहे, तिथे ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो: तुमच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन टक्के. घरचं माणूस आजारी पडलं की त्याची किंमत कळते. स्लिपवर ते कापलेलं दिसतंय का, बघा. दिसत नसेल तर विचारा.

डॉक्टर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून बोलते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. तिने म्हटलं, 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला 20,000 रुपयांच्या खाली पगार नसावा. ती शिफारस नर्सपुरती होती. रात्री पेशंटची बेडपॅन उचलणाऱ्या, त्याला भरवणाऱ्या मुलीबद्दल समितीने नाही सांगितलं, तरी तिलाही नीट पगार हवा हे आपल्याला कळायला हवं. आणि निदान पहिल्या दिवशी तिच्या हातात नेमणूकपत्र द्या. तुमच्या रुग्णालयाचं त्यात काही जात नाही.

आणि पालकांनो, मुलीच्या हातात पगार आला की तो तिच्याकडे राहू द्या. रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदनमधून विधवा बायकांना नर्सिंगला पाठवलं, ते त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहता यावं म्हणून. मागच्या ओळीत हिरव्या पातळातल्या आई बसल्या आहेत. त्यांची मुलगी आज बक्षीस घेणार आहे, असं कळलं. ताई, तिचं खातं उघडलं नसेल तर सोमवारी बँकेत तिला घेऊन जा.

बाई घड्याळ दाखवताहेत. बक्षिसं वाटून झाली की मी ऑफिसात बसणार आहे. ज्यांना नोकरीचं पत्र आलंय त्यांनी ते घेऊन या, सही करण्याआधी एकेक ओळ आपण सोबत वाचू.