ताप पाच दिवसांचा झाला तर

पावसाळा लागला की वसई, नालासोपारा, विरारचे दवाखाने तापाच्या मुलांनी भरून जातात. डेंग्यू, मलेरिया, गोवर ही नावं आईबापांना तोंडपाठ असतात. त्याच गर्दीत एखादं पोर कावासाकी आजाराचं असू शकतं.

१९६१ साली टोकियोत डॉ. तोमिसाकू कावासाकींनी असा पहिला मुलगा पाहिला. १९६७ मध्ये त्यांनी ५० मुलांची हकिगत छापली. आजार कशामुळे सुरू होतो, ते अजून सापडलेलं नाही. पुढे काय घडतं ते मात्र ठाऊक आहे. शरीराची प्रतिकारशक्ती खवळते आणि पांढऱ्या पेशी आपल्याच रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना फुगे येतात. उपचार झाले नाहीत, तर साधारण चारांतल्या एका मुलाला हा धोका असतो.

बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतले. ताप पाच दिवस हटत नाही. डोळे लाल होतात, पण चिपडं येत नाहीत. ओठ फुटतात, जीभ लालभडक होते, अंगावर पुरळ उठतं, हातपाय सुजतात, मानेत गाठ येते. सगळी लक्षणं एकदम दिसतीलच असं नाही. तान्ह्या बाळांत तर ती अर्धवटच असतात.

आणखी एक खूण बाळाच्या डाव्या दंडावर बघा. जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीचा जुना व्रण अचानक लाल होऊन सुजतो. प्रत्येक मुलात असं होत नाही, पण झालं तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

उपचार आहे. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन सलाईनसारखं शिरेतून देतात, सोबत अ‍ॅस्पिरिन. ते पहिल्या दहा दिवसांत मिळालं, तर धमन्यांचा धोका विसांत एकाच्या आसपास येतो. अ‍ॅस्पिरिन मात्र घरच्या घरी कधीही देऊ नका.

ताप कधीकधी आपोआप उतरतो, बोटांच्या टोकांची सालं निघतात, आणि घरचे म्हणतात, "बरं झालं पोर." पण धमनीतली सूज तापाबरोबर जातेच असं नाही. म्हणून हृदयाची इको तपासणी करायची, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करायची.

तापाचा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहा, पुरळ उठलं की मोबाईलवर फोटो काढा. ते संध्याकाळपर्यंत मावळूही शकतं. पाचव्या दिवशीही ताप असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा: "कावासाकी तर नसेल ना?"